विश्वास नव्याने तपासायचा आहे, तर वाचायचे काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नागपूरच्या सदर भागातल्या चर्चमध्ये लहानाचे मोठे झालात, बाप्तिस्मा, दृढीकरण (मोठेपणी विश्वास स्वतः कबूल करण्याचा विधी) सगळे रीतसर झाले, संडे स्कूलमध्ये पाठांतराची बक्षिसे मिळवलीत. आता तिशीत येशू सोडवत नाही, पण त्याच्याभोवती जे शिकवले गेले त्यातले बरेच पटत नाही. यूट्यूबवरच्या अमेरिकन वक्त्यांनी सुचवलेल्या पुस्तकांची एक लांबलचक यादी तुमच्याजवळ आहे. ती वाचावी का, मराठीत काही आहे का, आणि हे चालू असताना रविवारी चर्चला जात राहावे का, असे तुम्ही विचारले आहे.

आधी पाळक म्हणून आणि नंतर लहान अभ्यासवर्ग चालवत याच प्रश्नांसोबत माझी बरीच वर्षे गेली आहेत. त्या आधारावर सांगतो: ती यादी सध्या बाजूला ठेवा. पुस्तके वाईट आहेत म्हणून नव्हे. त्यातली बहुतेक एका विशिष्ट अमेरिकन मंडळीशी झालेल्या भांडणातून लिहिली गेली आहेत. सृष्टी सहा दिवसांत झाली की नाही, पाळकाने कोणत्या पक्षाचा प्रचार केला, नरकात कोण जाणार, यांवरून दुखावलेली माणसे ती लिहितात आणि तशीच दुखावलेली माणसे ती वाचतात. तुमच्या पत्रातल्या दोन ओळी मला जास्त महत्त्वाच्या वाटल्या. ऑफिसातला बौद्ध मित्र विचारतो, “तुमच्यात जात नाही म्हणता, मग सोयरिकी कशा जमवता?” आणि पणजोबा ख्रिस्ती झाले ते विश्वासाने की पोटासाठी, हा प्रश्न तुम्हाला स्वतःलाच पडतो. या दोन्ही प्रश्नांना ती यादी हात लावणार नाही. आपल्याकडे मात्र या प्रश्नांवर फार आधी आणि फार धीटपणे विचार झालेला आहे. म्हणून आधी घरचे वाचा, परदेशातले नंतर.

त्याआधी एक काम करा. मार्ककृत शुभवर्तमान एका बैठकीत वाचून काढा. सोळा अध्याय आहेत, दीड तास पुरतो. आपल्याला बायबल तुकड्या-तुकड्यांनी ऐकायची सवय असते. आज दहा वचने, पुढच्या रविवारी दुसरीच दहा, त्यामुळे गोष्ट कधी सलग दिसतच नाही. घरातले जुने पवित्र शास्त्र न घेता वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ घ्या. जुन्या भाषांतरातली वाक्ये तुम्हाला पाठ आहेत, त्यामुळे डोळे त्यांवरून घसरत जातात. दिब्रिटोंची मराठी थांबायला लावते. या कामासाठी त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि 2020 च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. ते कॅथलिक होते म्हणून आपल्या प्रोटेस्टंट घरांत कुणी कुरकुर केली तर करू द्या.

वाचताना आठव्या अध्यायाच्या 22 व्या वचनापासून दहाव्याच्या शेवटापर्यंतचा भाग दोनदा वाचा. बेथसैदात येशू एका आंधळ्याला बरे करतो, पण पहिल्या स्पर्शानंतर त्या माणसाला माणसे चालत्या झाडांसारखी दिसतात आणि दुसऱ्यांदा हात ठेवावा लागतो. हा भाग संपतो तो यरीहोच्या वाटेवरच्या आंधळ्या बार्तीमयापाशी. तो अंगावरचे वस्त्र टाकून उठतो, त्याला दृष्टी येते आणि तो येशूच्या मागे वाटेने चालू लागतो. या दोन आंधळ्यांच्या मधे येशू तीनदा सांगतो की मला दुःख सोसावे लागेल, मारले जाईल. तिन्ही वेळा शिष्यांना ते कळत नाही. पहिल्या वेळी पेत्र त्यालाच दटावतो. दुसऱ्या वेळी आपल्यात मोठा कोण यावर शिष्यांची जुंपते. तिसऱ्या वेळी शिष्यांपैकी दोघे, जब्दीचे मुलगे, उजव्या-डाव्या बाजूच्या खुर्च्या मागून घेतात. मार्कने हे मुद्दाम असे रचले आहे. येशूबरोबर राहणाऱ्या, खाणाऱ्या-पिणाऱ्या माणसांनाही अर्धेच दिसत होते आणि हे त्याने लपवले नाही. तुमच्या मनातली शंका शुभवर्तमानात आधीपासून लिहून ठेवलेली आहे. ती घेऊन आल्याबद्दल तुम्हाला अपराधी वाटायचे कारण नाही.

आणखी एक गोष्ट दिसेल. सर्वांत जुन्या संपूर्ण हस्तलिखितांमध्ये मार्क 16:8 ला थांबतो: स्त्रिया कबरेपासून पळतात आणि भीतीमुळे कुणाला काही सांगत नाहीत. पुढची वचने नंतर जोडली गेली आहेत, बऱ्याच बायबलांत तशी टीप असते. हे पहिल्यांदा कळले की काही जण घाबरतात, बायबल बदलले म्हणतात. टीप छापणाऱ्यांनी ते उघड सांगितले आहे, तेव्हा घाबरण्याऐवजी विचार करा की इतक्या अर्धवट जागी ही गोष्ट का थांबली असेल. आमच्या वर्गांत या एका प्रश्नावर संध्याकाळ निघून जायची आणि कुणी घड्याळ पाहायचे नाही.

आता घरचे. पंडिता रमाबाईंचा फोटो आपल्या कितीतरी संस्थांमध्ये भिंतीवर असतो. त्यांची पत्रे मात्र कुणी वाचत नाही. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि लगेचच ज्या सिस्टर जेराल्डिन यांनी त्यांना सांभाळले त्यांच्याशीच वाद सुरू झाला. त्र्यैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हा सिद्धान्त जसा शिकवला तसा रमाबाई मान्य करीनात. नुकतेच मोठ्या कष्टाने एका पुरोहितवर्गाचे जोखड मानेवरून उतरवले, आता दुसऱ्याचे घेणार नाही, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. क्रूसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नको, इथपर्यंत त्या भांडल्या. हा पत्रव्यवहार इंग्रजीत आहे. ए. बी. शहा यांनी संपादित केलेला तो ग्रंथ महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने 1977 मध्ये काढला. मोठ्या ग्रंथालयात मिळतो. पत्रे क्रमाने वाचा, मधली कौटुंबिक पाने चाळून पुढे गेलात तरी चालेल. इतके प्रश्न विचारणारी ही बाई येशूला सोडून गेली नाही. तिने केडगावला निराधार स्त्रियांसाठी मुक्ती मिशन उभे केले, हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या मराठीत संपूर्ण बायबल उतरवले. ते छापून पूर्ण झाले तेव्हा, 1924 मध्ये, त्या हयात नव्हत्या. वाद घातला तर विश्वास जातो असे तुम्हाला कुणी सांगत असेल तर त्यांना ही पत्रे द्या.

लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ तुम्ही शाळेत धड्यापुरते वाचले असेल, हसलाही असाल. आता ते शिष्यत्वावरचे पुस्तक म्हणून वाचा. मला विचाराल तर मराठीत या विषयावर याहून चांगले पुस्तक नाही, आणि गंमत म्हणजे चर्चच्या पुस्तक-टेबलावर ते क्वचित दिसते. आपल्या भागाशी त्याचा थेट संबंध आहे. त्यांचे पती रेव्हरंड टिळक ख्रिस्ती होण्याआधी नागपुरात श्रीमंत बुटी घराण्याकडे कामाला होते आणि 1893 मध्ये राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर त्यांना ते पुस्तक ठेववेना. 1895 मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाईंचा झाला 1900 मध्ये. मधल्या पाच वर्षांत काय झाले ते नीट बघा. नवऱ्याने धर्म बदलला म्हणून त्या बदलल्या नाहीत. त्या वेगळ्या राहिल्या, रडल्या, चिडल्या. पुढे एकत्र आल्यावरही चूल आणि पाणी यांचे सोवळे त्यांनी सांभाळले. मग एक दिवस जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःच स्वतःला विचारला आणि कुणाच्याही हातचे पाणी प्यायला सुरुवात केली. सिद्धान्त नंतर आला, पाणी आधी. तुमच्या मित्राच्या सोयरिकीच्या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर याच पानांपासून सुरुवात करावी लागेल.

रेव्हरंड टिळकांचा शेवटचा काळही पाहा. तुकारामाने बांधलेल्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे ते म्हणत. 1917 मध्ये मिशनचे वेतन सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे येशूचे दोन्ही प्रकारचे अनुयायी त्यात एकत्र यावेत असा बेत होता. 1919 मध्ये ते गेले आणि ते काम वाढले नाही. येशूच्या जीवनावरचे त्यांचे काव्य ‘ख्रिस्तायन’ही अपुरेच राहिले, ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. पण चर्चच्या नोंदवहीबाहेर येशूचा शिष्य असू शकतो का, हा तुमचा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी एका मराठी पाळकाने नोकरी सोडून विचारला होता, हे तुम्हाला माहीत असायला हवे.

आता जरा झोंबणारे. दीक्षाभूमीपासून काही किलोमीटरवर राहणाऱ्या ख्रिस्ती माणसाने डॉ. आंबेडकरांचे ख्रिस्ती धर्मावरचे लिखाण वाचले नसेल तर त्याचा फेरविचार अपुराच राहील, असे माझे ठाम मत आहे. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या इंग्रजी लेखन आणि भाषणांच्या पाचव्या खंडात दोन निबंध आहेत: एक अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणावर, दुसरा धर्मांतरितांच्या स्थितीवर. दसऱ्याला दीक्षाभूमीच्या परिसरात पुस्तकांचे स्टॉल लागतात तिथे हे खंड मिळतात, इंटरनेटवर मोफतही आहेत. बाबासाहेब मिशनऱ्यांच्या शाळा-दवाखान्यांचे मोल मान्य करतात. मग विचारतात की बाप्तिस्म्याने अस्पृश्याची मानहानी थांबली का, आणि उत्तर नाही असे देतात. चर्चच्या आत जात तशीच राहिली, आणि धर्मांतरितांनी अन्यायाविरुद्ध एकत्र उठाव केला नाही, हा त्यांचा रोख आहे. येशूवर त्यांचा राग नाही, आपल्यावर आहे. बचाव तयार करत वाचू नका. आधी पूर्ण ऐकून घ्या.

त्यानंतर अरविंद निर्मळ यांचे लेखन घ्या. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात त्यांनी दलित ईश्वरविद्येची (थिऑलॉजीची) मांडणी केली. भारतातली ख्रिस्ती ईश्वरविद्या वेदान्ताशी बोलत बसली आणि चर्चमध्ये बसलेल्या बहुसंख्य दलितांशी बोलायची राहून गेली, हे त्यांचे म्हणणे. त्यांनी संपादित केलेला ‘अ रीडर इन दलित थिऑलॉजी’ हा लेखसंग्रह आहे. सगळे लेख सारख्या वजनाचे नाहीत, निर्मळांचा स्वतःचा लेख चुकवू नका. पणजोबांबद्दलचा तुमचा प्रश्न तिथे वेगळा दिसू लागेल. पोटासाठी की विश्वासासाठी, असे दोन कप्पे करणारा प्रश्नच मुळात भरल्या पोटाच्या माणसाचा आहे. ‘आमची रोजची भाकर आज आम्हास दे’ ही प्रार्थना शिकवणाऱ्याने असे कप्पे केलेले नाहीत.

वर्ध्याला कधी गेलात तर मगनवाडीत जाऊन या. जे. सी. कुमारप्पा तिथे राहत. तंजावरच्या ख्रिस्ती घरात जन्मलेला, लंडनला हिशेबतपासणीचे आणि अमेरिकेत अर्थशास्त्राचे शिक्षण घेतलेला हा माणूस 1934 मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाच्या कामाला लागला. जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी ‘प्रॅक्टिस अँड प्रीसेप्ट्स ऑफ जीझस’ लिहिले, गांधींनी प्रस्तावना दिली आणि 1945 मध्ये नवजीवनने ते छापले. छोटे पुस्तक आहे, इंग्रजी सोपे आहे. येशूचे जगणे आधी आणि उपदेश नंतर, हा क्रम नावातच आहे. साम्राज्याशी हातमिळवणी केलेल्या चर्चवर ते सडकून टीका करतात. सत्याग्रहाच्या प्रश्नावर ते कोलकात्याच्या मेट्रोपॉलिटन बिशपांशीही भिडले होते. पैसा, धंदा, खरेदी-विक्री यांत शिष्यत्व कुठे बसते हे विचारणारी पुस्तके कमी आहेत, आणि त्यातले एक आपल्यापासून दीड-दोन तासांच्या अंतरावर राहणाऱ्या माणसाने लिहिले. काही ठिकाणी कुमारप्पा फार सोपे करून टाकतात. क्रूस आणि पुनरुत्थान यांवर त्यांच्याजवळ सांगण्यासारखे कमी आहे. ती उणीव धरूनच वाचा.

एवढे झाले की परदेशातले घ्या, पण निवडून. पहिले हॉवर्ड थर्मन यांचे ‘जीझस अँड द डिसइनहेरिटेड’, 1949 चे. थर्मन हे अमेरिकेतले कृष्णवर्णीय पाळक. 1935-36 मध्ये ते भारत आणि सिलोनच्या (आजच्या श्रीलंकेच्या) दौऱ्यावर होते, बार्डोलीला गांधींना भेटले. सिलोनमध्ये कायद्याच्या महाविद्यालयात एका माणसाने त्यांना विचारले की तुमच्या पूर्वजांना गुलाम करून नेणारे ख्रिस्ती होते, तरी तुम्ही ख्रिस्ती म्हणून इथे कसे उभे राहता? तुमच्या ऑफिसातल्या मित्राचा प्रश्न याच घराण्यातला आहे. थर्मन उत्तर देतात की येशू गरीब होता, ज्यू होता आणि रोमच्या ताब्यातल्या प्रजेपैकी होता, तेव्हा ज्यांची पाठ भिंतीला टेकली आहे त्यांच्यासाठी तो काय म्हणतो ते पाहू. पुढे भय, फसवणूक, द्वेष आणि प्रेम अशी प्रकरणे येतात. गुलामीत जन्मलेली त्यांची आजी नातवाकडून बायबल वाचून घ्यायची, पण नव्या करारातली पौलाची पत्रे जवळजवळ कधीच नाही. कारण मालकाचा पाळक ‘दासांनो, धन्याच्या आज्ञेत राहा’ हेच वाचून दाखवायचा. ही आजी माझ्या वर्गातल्या म्हाताऱ्या बायांना कुठल्याही ईश्वरविद्या-पंडितापेक्षा लवकर समजली.

दुसरे, जर्मन पाळक डिट्रिख बॉनहोफर यांचे 1937 चे पुस्तक, इंग्रजीत ‘द कॉस्ट ऑफ डिसायपलशिप’. हिटलरच्या काळात फिंकनवाल्डला त्यांनी पाळकांसाठी जी शाळा चालवली ती गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, त्याच वर्षी बंद केली. कृपा स्वस्त करून वाटली जाते, पश्चात्तापाशिवाय क्षमा आणि अनुसरणाशिवाय बाप्तिस्मा मिळतो, हा त्यांचा घाव सगळ्यांना माहीत असतो, कारण सगळे पहिले प्रकरण वाचून थांबतात. पुस्तकाचा मोठा भाग डोंगरावरील प्रवचनावर आहे. तो रोज तीन-चार पाने असा वाचा, शेजारी मत्तय 5 ते 7 उघडे ठेवा. 1934 मध्ये बॉनहोफर गांधींकडे येऊन राहण्याच्या विचारात होते. गांधींनी या म्हणून कळवलेही, पण ते जमले नाही. नंतर तुरुंगातून 1944 मध्ये लिहिलेल्या पत्रात त्यांनी या पुस्तकातले धोके आपल्याला आता दिसतात, तरी त्यामागे उभा आहे, असे म्हटले. म्हणून तुरुंगातली पत्रेही सोबत ठेवा. 9 एप्रिल 1945 रोजी त्यांना फाशी दिली.

खरा येशू इतिहासात कसा होता, हा प्रश्न तुम्हाला छळत असेल तर मार्कस बोर्ग आणि एन. टी. राइट यांचे ‘द मीनिंग ऑफ जीझस’ घ्या. दोघे मित्र, दोघे अभ्यासक, आणि कुमारीपासून जन्म, पुनरुत्थान अशा जवळजवळ प्रत्येक मुद्द्यावर मतभेद. दोघांची प्रकरणे शेजारी-शेजारी आहेत, त्यामुळे एकाच्या प्रेमात पडून दुसऱ्याला शिव्या देता येत नाहीत. माझा कल राइटकडे आहे, तुमचा बोर्गकडे झुकला तर मला वाईट वाटणार नाही. केनेथ बेली यांचे ‘जीझस थ्रू मिडल ईस्टर्न आयज’ मात्र आवर्जून वाचा. त्यांनी अनेक दशके मध्यपूर्वेत शिकवले आणि तिथल्या खेडुतांच्या नजरेतून येशूचे दाखले, म्हणजे त्याच्या बोधकथा, वाचले. उधळ्या पुत्राच्या दाखल्यावरही त्यांनी आयुष्यभर लिहिले: बाप जिवंत असताना वाटणी मागणे म्हणजे त्याच्या मरणाची वाट पाहणे, आणि गावासमोर धोतर सावरत धावणारा बाप म्हणजे स्वतःची अब्रू घालवणारा बाप. अमेरिकन वाचकाला हे पानोपानी समजावून सांगावे लागते. ज्याच्या घरात शेताच्या हिश्श्यावरून बोलणे बंद झालेले आहे त्या विदर्भातल्या वाचकाला ते पहिल्याच ओळीत कळते.

तुमच्या यादीत जॉन हॉवर्ड योडर यांचे ‘द पॉलिटिक्स ऑफ जीझस’ आहे. पुस्तक वजनदार आहे, पण लेखकाने अनेक स्त्रियांचे लैंगिक शोषण केले आणि त्यांच्या मेनोनाइट (शांततावादी प्रोटेस्टंट पंथाच्या) मंडळीने पुढे ते जाहीरपणे मान्य केले. शिष्यत्व शिकवणाऱ्या पुस्तकाबाबत ही बाब तळटीपेत ढकलता येत नाही. नव्या वाचकाच्या हातात मी ते देत नाही.

विज्ञान विरुद्ध बायबलमधले ‘उत्पत्ती’ यावरची तीन-चार पुस्तकेही यादीतून काढून टाका. ज्यांच्या नावाचे कॉलेज सिव्हिल लाइन्सला आहे ते स्टीफन हिस्लॉप मिशनरी होते आणि नागपूरच्या आसपासचे खडक फोडून जीवाश्म गोळा करत. त्यांवर त्यांनी 1850 च्या दशकात शोधनिबंध लिहिले. नागपूरच्या चर्चने हे भांडण आयात करायची गरज नव्हती.

राहिला चर्चला जाण्याचा प्रश्न. जात राहा, पण जे म्हणवत नाही ते म्हणू नका. उपासनेत सगळे मिळून म्हणतात त्या विश्वासांगीकारातली एखादी ओळ तोंडातून निघत नसेल तर त्या ओळीला गप्प राहा, बाकीची म्हणा. प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) घ्यावे की नाही हे पाळकांशी एकट्याने बोलून ठरवा. बहुतेक पाळक तुम्हाला वाटतात त्यापेक्षा कमी धक्का खातात, कारण त्यांच्या स्वतःच्या कपाटातही अशी पुस्तके असतात. व्यासपीठावरून जे बोलता येत नाही ते चहा घेताना बोलतात. आईला एकदम सगळे सांगायला जाऊ नका. तिला ‘स्मृतिचित्रे’ मोठ्याने वाचून दाखवा.

आणि एकट्याने वाचू नका. चार-पाच जण जमवा, त्यात किमान एक जण साठीच्या पुढचा असू द्या आणि एक जण ख्रिस्ती नसलेला. ऑफिसातला तो मित्र येत असेल तर उत्तम. पहिल्या बैठकीला मार्क 8:22 पासून वाचा, आणि आंबेडकरांचे निबंध येतील त्या दिवशी मित्रालाच आधी बोलू द्या.